राखीव पंधरा आणि वितंडा : एका यादीची समीक्षा

आज माझ्यासमोर ग्रंथ नाही, एक कागद आहे. त्यावर पंधरा पत्त्यांची यादी आहे आणि त्यातले चार पत्ते माझ्या सल्ल्याने घेतलेले आहेत. त्या कागदाची समीक्षा करायची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या युक्तिवादांतल्या चुका काढून पगार घेतला, एकदा आपली पाळी यायला हरकत नाही.

प्रसंग २०१८ च्या उन्हाळ्यातला. मी सिएटलजवळ मुलीकडे राहायला गेलो होतो. माझी नात तेव्हा सोळा वर्षांची. ती ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळते. शुक्रवारी संध्याकाळी एका दुकानात स्पर्धा असायची, आणि मुलगी-जावई कामात असल्यामुळे तिच्याबरोबर जायचं काम आजोबांकडे आलं. पहिले दोन शुक्रवार मी वाचायला पुस्तक नेलं. तिसऱ्या शुक्रवारी पुस्तक पिशवीतच राहिलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा खेळ रिचर्ड गारफील्ड यांनी तयार केला आणि तो १९९३ साली बाजारात आला. गारफील्ड हे गणिताचे डॉक्टर, आणि ते जाणवतं. प्रत्येक खेळाडू आपला साठ पत्त्यांचा संच, म्हणजे डेक, घरून बांधून आणतो. साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाचे चारच पत्ते घेता येतात. दोघांकडे वीस-वीस प्राण, समोरच्याचे शून्यावर आणले की जिंकलात. पत्ता खेळायला ‘माना’ लागतो, तो मुख्यतः जमिनींच्या पत्त्यांतून मिळतो. हा मानपानातला मान नाही, पण त्याच्यावरून रुसवेफुगवे तितकेच होतात. (हशा) सामना तीन डावांचा, दोन जिंकेल तो विजयी. आणि साठांव्यतिरिक्त पंधरा पत्ते राखीव ठेवता येतात, त्याला साइडबोर्ड म्हणतात. पहिला डाव झाला, समोरचा काय खेळतोय ते कळलं, की आपले काही पत्ते काढून राखिवातले घालायचे.

आता कॉम्बो डेक म्हणजे काय? साधा डेक थोडा थोडा मार देत जातो, भिंतीवर हातोडा मारावा तसा. कॉम्बो डेक बराच वेळ काहीच करत नाही. तो हातातले दुवे जुळवत असतो, आणि जुळले की एकाच खेपेत सगळा डाव संपवतो. त्या वर्षीचा ‘स्टॉर्म’ डेक घ्या. त्याच्या शेवटच्या पत्त्याचं नाव ‘ग्रेपशॉट’. हा पत्ता एकट्याने फक्त एक प्राण घेतो. पण त्या खेपेत त्याच्याआधी जितके मंत्र टाकले असतील तितक्या त्याच्या प्रती निघतात. आधी एकोणीस मंत्र टाकले तर मूळ एक आणि प्रती एकोणीस, झाले वीस. ते एकोणीस जमवायला आधी ‘बराल’सारखा एखादा प्राणी, जो मंत्र स्वस्त करतो. मग माना वाढवणारे विधी. मग ‘गिफ्ट्स अनगिव्हन’ने डेकमधून हवे ते शोधून आणणं. मग ‘पास्ट इन फ्लेम्स’, ज्यामुळे वापरून झालेले मंत्र ग्रेव्हयार्डमधून पुन्हा टाकता येतात. ग्रेव्हयार्ड म्हणजे वापरलेल्या पत्त्यांचा ढीग.

हे पाहताना मला माझा जुना विषय दिसला. हा अनुमानासारखा प्रकार आहे. एकेक पायरी दुसरीवर उभी, आणि निष्कर्ष अचानक डोक्यात पडतो. मग असा विरोधक समोर असेल तर काय करायचं? त्याच्या सगळ्या विधानांशी भांडत बसायचं नाही, एक पायरी शोधायची आणि ती काढून घ्यायची. मी हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, “आबा, हे सगळ्यांना माहितीये. प्रश्न कुठली पायरी, हा आहे.”

बरोबर होतं तिचं. स्टॉर्मविरुद्ध बराललाच मारता येतं, पण तो नसला तरी डेक चालतो, जरा हळू. ग्रेव्हयार्ड बंद करता येतं, तेव्हा पास्ट इन फ्लेम्स मेला. शेवटची पायरी तोडता येते : ‘लेलाइन ऑफ सँक्टिटी’ असेल तर विरोधकाला तुमच्यावर नेम धरता येत नाही, ग्रेपशॉट वाया. हे ऐकायला सर्वांत पक्कं वाटतं, आणि तिथेच फसगत आहे. कारण स्टॉर्मवाल्याकडे ‘एम्प्टी द वॉरेन्स’ असतो. त्याला नेम लागत नाही, प्रत्येक प्रतीमागे दोन छोटे गॉब्लिन मैदानात येतात, आणि पुढच्या खेपेला ते चाल करून येतात. म्हणजे निष्कर्ष तोच, शेवटची ओळ बदलली. याउलट ‘डॅम्पिंग स्फिअर’ हा पत्ता, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेला, मंत्रांच्या संख्येवरच कर लावतो. खेपेतला दुसरा मंत्र एक मानाने महाग, तिसरा दोनाने, दहावा नवाने. शेवटी ग्रेपशॉट असो की गॉब्लिन असोत, दोघांना लागणारी गोष्ट एकच, पुष्कळ मंत्र. जी पायरी सगळ्या वाटांना समान आहे तिच्यावर घाव घालावा, इतपत माझं तेव्हाही ठीक होतं.

माझी चूक झाली ती ‘ड्रेज’ या डेकबाबत. ड्रेजला कॉम्बो म्हणावं की नाही यावर लोक वाद घालतात. मला म्हणावंसं वाटतं, कारण त्याचंही सगळं एका यंत्रणेवर चालतं. हा डेक पत्ता ओढायच्या जागी आपल्याच डेकमधले पाच-पाच पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये टाकतो, आणि तिथून ‘नार्कोमीबा’, ‘ब्लडघास्ट’, ‘प्राइझ्ड अमाल्गम’ असे प्राणी जवळजवळ फुकट मैदानात उठून येतात. त्याचं ग्रेव्हयार्ड म्हणजेच त्याचा हात. ते बंद केलं की तो लुळा.

नातीचा डेक पांढरा-हिरवा, छोट्या प्राण्यांचा. त्याचा कणा ‘कलेक्टेड कंपनी’ हा चार मानांचा मंत्र : डेकमधले वरचे सहा पत्ते बघा, त्यातले स्वस्त असे दोन प्राणी थेट मैदानात उतरवा. तिच्या राखिवात ‘रेस्ट इन पीस’ होता, दोन मानांचा, पांढरा. तो मैदानात आला की दोघांचीही ग्रेव्हयार्डं कायमची साफ, आणि पुढे तिथे काही जातच नाही. मी म्हटलं, हा दुसऱ्या खेपेआधी येत नाही, आणि ड्रेज तोवर सुरू झालेला असतो. त्यापेक्षा ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ घे. तो पहिल्या हातात असला तर डाव सुरू व्हायच्या आधीच मैदानात, फुकट. तिने सांगितलं की तो काळा पत्ता आहे, नंतर हातात आला तर चार माना लागतात, त्यातले दोन काळे, आणि माझ्या डेकमध्ये काळ्या मानाची जमीन एकही नाही. मी उत्तर दिलं, नंतर येऊ द्यायचाच नाही ना! चार घे, आणि पहिल्या हातात मिळेपर्यंत हात बदल.

आणि मी गणित मांडलं. साठ पत्त्यांत चार, तर पहिल्या सातांत किमान एक असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. नाही आला तर मलिगन, म्हणजे हात परत करून नवा घ्यायचा, तेव्हाच्या नियमाने एक पत्ता कमी. सहाचा हात, मग पाचाचा. तिन्ही मिळून शक्यता होते साधारण ७३ टक्के. मी तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकट काढली. चौकट अजून आहे.

त्या शुक्रवारी चौथ्या फेरीत ड्रेजच समोर आला. पहिला डाव तिने हरला, ते अपेक्षित होतं. दुसऱ्यात तिने चार प्राणी काढून चार लेलाइन घातले. सातांत नव्हता. ते सात मला दुरून दिसत होते, खेळण्याजोगे होते, पण आमचं ठरलं होतं. सहांत नव्हता. पाचांत होता : लेलाइन, तीन जमिनी आणि एक छोटासा प्राणी. माझ्या सिद्धांताचा विजय. समोरच्या मुलाने दुसऱ्या खेपेला एका हिरव्या मानात ‘नेचर्स क्लेम’ टाकला. लेलाइन नष्ट, नातीला भरपाई म्हणून चार प्राण, वीसाचे चोवीस. तिच्या हातात दोन जमिनी उरल्या. पुढे तिने जे ओढलं त्यात दुसरा लेलाइन होता, काळ्या मानांची वाट बघत बसलेला. डाव आणि सामना संपला.

गाडीत ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आबा, पत्ता मिळाला हो. बाकी काहीच नव्हतं माझ्याकडे.”

सांत्वन म्हणून मी तिला सांगितलं की हे २७ टक्क्यांतलं दुर्दैव होतं. आणि लगेच लक्षात आलं की हे खोटं आहे. ती २७ टक्क्यांत नव्हतीच. ती ७३ मध्ये होती! पत्ता मिळाला होता. मी शक्यता मोजली ती पत्ता मिळण्याची, आणि वागलो असा की ती जिंकण्याची आहे. त्या ७३ चे तुकडे पाडा : ४० सात पत्त्यांच्या हातात, सुमारे २१ सहाच्या हातात, जवळपास १२ पाचाच्या हातात. हे तीन आकडे बेरजेला सारखे दिसतात, खेळताना ते सारखे नसतात. पाच पत्त्यांत एक लेलाइन म्हणजे स्वतःचं म्हणणं मांडायला चार पत्ते, आणि समोरच्याकडे एका मानाचं उत्तर.

इथे मला न्यायदर्शनाकडे जावंच लागतं. आपल्या नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार मानले. वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, पण त्यातही दोन्ही बाजू आपला पक्ष मांडतात. आणि वितंडा : जिच्यात दुसऱ्याचं फक्त खंडन, आपला पक्ष मांडायचाच नाही. आपण मराठीत भांडखोर बोलण्याला वितंडवाद म्हणतो तो याच्यावरून. श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात ही पद्धत फार वर नेऊन ठेवली, आणि मला स्वतःला तो ग्रंथ अतिशय प्रिय आहे. कदाचित म्हणूनच मी नातीला वैतंडिक केलं. श्रीहर्ष म्हणू शकतो की मला काहीही सिद्ध करायचं नाही, तुझं सिद्ध होत नाही एवढं दाखवलं की पुरे. पत्त्यांच्या टेबलावर ही सोय नाही. तिथे समोरच्याचे वीस प्राण कुणीतरी शून्यावर आणावे लागतात. तुम्ही त्याची पायरी काढून घेतली, पण तुमच्याकडे चाल करायला काहीच नसलं, तर तुम्ही त्याला फक्त वेळ दिलात. आणि कॉम्बो डेकला वेळ देणं म्हणजे तुमच्या पत्त्यावरचा उतारा शोधायची सवड देणं.

कुणी जाणकार इथे मला अडवेल, आणि अडवावंच. त्याच २०१८ च्या फेब्रुवारीत बिल्बाओला झालेली प्रो टूर लुइस साल्वाटो या अर्जेंटिनाच्या खेळाडूने जिंकली ती ‘लँटर्न कंट्रोल’ने. तो डेक शुद्ध वितंडा आहे. समोरचा पुढचा पत्ता कुठला ओढणार हे तो ठरवतो, उपयोगाचं काही मिळू देत नाही, आणि समोरच्याचे पत्ते संपेपर्यंत बसून राहतो. म्हणजे वितंडेने जिंकता येतं. मान्य. पण तिथे सगळे साठ पत्ते त्या कामाला लावलेले आहेत. आपण चार पत्ते उसने आणून वैतंडिक होऊ पाहतो, उरलेले छप्पन्न वेगळंच काही म्हणत असतात.

आता यादीकडे वळतो. चार लेलाइन, दोन ‘ग्राफडिगर्स केज’, तीन ‘स्टोनी सायलेन्स’, दोन डॅम्पिंग स्फिअर, दोन ‘गॅडॉक टीग’, आणि उरलेले दोन चढाई करणाऱ्या डेकांसाठी, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. स्टोनी सायलेन्सही सोडून देतो. लोखंडी यंत्रांवर चालणाऱ्या डेकांविरुद्ध, विशेषतः तेव्हाच्या ‘क्रार्क-क्लॅन आयर्नवर्क्स’विरुद्ध, तो चोख होता.

केज पहा. एका मानाचा पत्ता. ग्रेव्हयार्डमधून किंवा डेकमधून प्राणी मैदानात येऊ शकत नाहीत. ड्रेजविरुद्ध छान वाटतो. पण डेकमधून प्राणी मैदानात आणणारा दुसरा पत्ता कोणता? नातीची स्वतःची कलेक्टेड कंपनी! म्हणजे दुसऱ्याच्या दाराला लावलेलं कुलूप आपल्याच घराला. शिवाय केज ढीग साफ करत नाही, नुसता रोखून धरतो. तो नष्ट झाला की मागे सगळं भरलेलं तयार. गॅडॉक टीगचंही थोडं तसंच. चार किंवा जास्त किमतीचे, प्राणी नसलेले मंत्र टाकता येत नाहीत, त्यामुळे गिफ्ट्स, पास्ट इन फ्लेम्स, एम्प्टी द वॉरेन्स तिन्ही एकदम अडतात. कंपनीही अडते. पण टीग स्वतः प्राणी आहे, दोन-दोनचा, तो रोज जाऊन समोरच्याचे दोन प्राण घेतो. तो अडवतो आणि बोलतोही. म्हणून त्याला मी माफ करतो, केजला नाही.

यातून माझं आणखी एक अज्ञान उघडं पडलं. मी राखीव पत्ते मोजत होतो, ते घालण्यासाठी काढलेले पत्ते मोजतच नव्हतो. डेकमध्ये अठ्ठावीस प्राणी असतील तर कंपनीच्या सहा पत्त्यांत सरासरी २.८ प्राणी दिसतात. चार काढून चार लेलाइन घातले की २.४. फरक लहान वाटतो, पण दोन प्राणी न मिळण्याचे प्रसंग त्यातच वाढतात. प्रत्येक राखीव पत्त्याची किंमत त्याच्यावर छापलेली नसते, काढलेल्या पत्त्याने ती ठरते.

मग ड्रेजविरुद्ध काय घ्यावं? तिनेच पुढच्या आठवड्यात सुचवलं : दोन रेस्ट इन पीस, आणि दोन ‘स्कॅव्हेंजिंग ऊझ’. ऊझ हा दोन मानांचा हिरवा प्राणी, एकेक हिरवा माना देऊन ग्रेव्हयार्डमधला एकेक पत्ता गिळतो आणि प्राणी गिळला की मोठा होतो. मला तो फार दुबळा वाटला. एकेक पत्ता गिळणार, आणि समोरचा एकदम पाच टाकणार! लेलाइनच्या मानाने ही तर पाणपोईच. पण तिचा मुद्दा वेगळा होता. समोरचा दुसऱ्या डावात नेचर्स क्लेम घालून येतो, कारण त्याला आपल्याकडून लेलाइन, रेस्ट इन पीस, केज यांची अपेक्षा असते. क्लेमने प्राणी मरत नाही. ऊझ दिसला की तो क्लेम हातात घेऊन बसतो. अर्थात ‘कॉन्फ्लॅग्रेट’ने ऊझ जळू शकतो, पण मग तो कॉन्फ्लॅग्रेट दुसरीकडे गेला नाही. आणि कंपनीने सहा पत्ते पाहिले तर ऊझ तिथून उतरू शकतो, लेलाइन कधीच नाही. उशिरा ओढलेला रेस्ट इन पीसही येताना आधीचा ढीग साफ करतो, उशिरा आलेला लेलाइन झालं-गेलं तसंच ठेवतो. मी त्याला वेगवान समजत होतो. तो वेळेवर आला तरच वेगवान, नाहीतर नुसता कागद.

समोरच्याच्या उत्तराचा विचार न करता त्याचं खंडन ठरवणं, हा दोष मला माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत लगेच दिसायचा. पूर्वपक्ष म्हणजे काही थिजलेला मजकूर नव्हे. ‘स्प्लिंटर ट्विन’चे खेळाडू तर याचाच फायदा घेत. पहिल्या डावात दोन पत्त्यांचा अनंत प्राणी निर्माण करणारा कॉम्बो दाखवायचे, दुसऱ्यात त्यातला बराचसा काढून साध्या नियंत्रणाचा डेक खेळायचे. समोरचा हातात कॉम्बोवरची औषधं घेऊन बसलेला, आणि रोग बदललेला. जानेवारी २०१६ मध्ये मॉडर्न प्रकारात त्या पत्त्यावर बंदी आली, पण तो धडा मात्र टिकला.

आणि बंदीचा विषय निघालाच आहे तर, यादी कितीही चांगली केली तरी तिच्या हाती सगळं नसतं. २०१९ च्या उन्हाळ्यात ‘होगाक’ नावाच्या प्राण्याभोवतीचा ग्रेव्हयार्डवर चालणारा डेक इतका माजला की लोक लेलाइन ऑफ द व्हॉइड राखिवात नव्हे, मुख्य साठांतच ठेवायला लागले. तरी तो डेक जिंकत राहिला. ऑगस्टमध्ये होगाकवरच बंदी घालावी लागली. तेव्हा नातीने मला फोन करून सांगितलं, “आबा, तुमचा लेलाइन आता सगळे घेतात.” माझा आनंद दोन मिनिटं टिकला. ते सगळे काळे डेक खेळत होते का, असं मी विचारलं. बरेच, म्हणाली, पण सगळे नाही.

तिची बदललेली यादी माझ्याकडे आहे. लेलाइन चारही गेले, केज दोन्ही गेले. रेस्ट इन पीस दोन, ऊझ दोन, स्फिअर दोन तसेच, टीग दोन तसेच, स्टोनी सायलेन्स तीन, चढाईवाल्यांसाठीचे दोन, आणि ‘आयडोलॉन ऑफ ऱ्हेटरिक’ एक, हा एक बळाचा पण चार टिकावाचा प्राणी एका खेपेत प्रत्येकाला एकच मंत्र टाकू देतो, तिचे स्वतःचे मंत्रही त्यातच आले. हे झाले चौदा. पंधराव्या जागेवर आमचं अजून एकमत नाही. मी म्हणतो तिसरा टीग घे. ती म्हणते टीग लेजेंडरी आहे, एका वेळी मैदानात एकच राहतो, तिसरा हातात कुजणार. तिला तिथे दुसरा आयडोलॉन हवा आहे. मी त्याच्या तीन मानांवर आक्षेप घेतला आहे, कारण स्टॉर्म तिसऱ्या खेपेला संपवू शकतो आणि समोरच्याने आधी सुरुवात केली तर आयडोलॉन उतरायला उशीर होतो. तिने यावर अजून उत्तर दिलेलं नाही. परीक्षा चालू आहेत तिच्या.

बरं, आता प्रश्न घेऊ. ते मागचे, हो, तुम्ही.